पांढरा सदरा

फ्लॅश थेट तोंडावर आला की माझी तान्ही लेक डोळे गच्च मिटायची. फोटोग्राफरनं फ्लॅशचं तोंड उलटं फिरवलं, पण खोलीच्या भिंती गडद निळ्या. उजेड परतणार कशावरून? त्याची नजर माझ्या बाबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर गेली.

"काका, जरा इकडे उभे राहा."

"छे! माझा फोटो नको. आरसासुद्धा कंटाळलाय या थोबाडाला."

"फोटोत नाही घेत हो. फ्लॅश तुमच्या सदऱ्यावर मारतो, म्हणजे बाळावर मऊ उजेड पडेल."

बाबा लगेच छाती फुगवून उभे राहिले.

आता बाबा नाहीत, आणि त्यांचा एकही फोटो नाही. परवा लेकीनं विचारलं, "आई, आजोबा कुठायत गं?"

मी तोच फोटो तिच्यापुढे धरला.

"यात तर मी एकटीच आहे!"

"तुझ्या गालावर उजेड पडलाय ना, ते आजोबा."