अधूनमधून नापास

ईमेल पोहोचवणारा, कुणालाही वापरता येणारा मुक्तस्रोत सर्व्हर धाकट्याने तपश्चर्येप्रमाणे जोपासला होता. त्यातले दोष शोधणाऱ्या स्वयंचलित चाचण्यांपैकी एकच अधूनमधून नापास होई. पुन्हा चालवली की ती पास होई. म्हणून त्याने ‘पास होईपर्यंत चालवावी’ अशी आज्ञाच लिहून ठेवली. आज तो आईच्या रिकाम्या खाटेशी बसला होता. “शेवटपर्यंत चष्मा काढू देईना रे ती,” थोरला म्हणाला, “म्हणे, धाकटा आला की दिसायला नको? मी तुला ‘ये’ म्हणून मेल टाकला होता!” धाकट्याने लॅपटॉप उघडून सर्व्हरच्या नोंदी पाहिल्या. सर्व्हरने तो मेल स्वीकारला होता. पुढे पाठवलाच नव्हता. ती चाचणी नेमके हेच तपासत असे. “फोन का नाही केलास, दादा?” त्याने कसेबसे विचारले. “अरे, तूच छाती ठोकून सांगायचास ना, माझ्या सर्व्हरवरून मेल कधी हरवत नाही म्हणून!” थोरल्याच्या स्वरात अजूनही भावाचा अभिमानच होता.