काळं सार

"पुन्यांदा," म्हातारी म्हणाली.

विल्किन्ससाहेबानं कपाळावरचा घाम पुसला. पिंपरीच्या नव्या कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला हा गोरा, पण म्हातारीपुढं त्याची बोबडी वळायची. म्हातारी पोलंडची. लढाईत देशोधडीला लागून लेकीसह कोल्हापूरच्या छावणीत आलेली. तिथं मराठी शिकली, इंग्रजी मात्र शिकली नाही ती नाहीच. छावणी उठल्यावर दोघी इकडं आल्या; लेक झोशा त्याच कारखान्यात टायपिस्ट. साहेबाला झोशा हवी होती आणि म्हातारीचं म्हणणं एकच: मागणी आमच्या भाषेत घाल, एकही चूक न करता.

आता इंग्रजीत चहा निवला म्हणा नाहीतर चहा द्या म्हणा, शब्द तोच. पोलिशमध्ये मेलं काही मागायला गेलं की शब्दाचं शेपूट बदलतं. हात म्हणजे रेंका, पण लेकीचा हात मागायचा तर रेंके. साहेब दर रविवारी जेवायला यायचा आणि तिथंच आपटायचा. चुकला की म्हातारी त्याच्यापुढची भरली बशी उचलून न्यायची. उपाशी गडी हसतमुखानं सायकलवर टांग टाकायचा. स्वयंपाकाला असलेल्या दुर्गाबाईला त्याची फार कीव यायची.

आज मात्र त्यानं डोळे मिटले आणि सबंध वाक्य एका दमात म्हटलं. रेंके! बरोब्बर! दुर्गाबाईनं चुलीपाशीच हात जोडले.

म्हातारी हसली. "बस. दुर्गाबाई, सार आन."

गेल्या रविवारी तो अगदी थोडक्यात चुकला, तेव्हाच तिनं बदक सांगून ठेवलं होतं. सकाळी दुर्गाबाईनं ते कापलं, रक्त गोठू नये म्हणून शिरक्यात धरलं आणि बोकडाची रक्ती करतात तसं दाट काळं सार शिजवलं. एवढा घाट घातलाय म्हणजे सोयरीक जमली, असं धरून तिनं मसाल्याला हात आखडला नव्हता.

साहेब मिटक्या मारत पीत होता. तेवढ्यात झोशा चर्चमधून आली. वाडग्याकडं नजर गेली आणि पोरगी भिंतीला टेकली.

दुर्गाबाई लगबगीनं तिच्यापाशी गेली. "काय झालं गं बाय?"

"आमच्यात मागणी घालायला आलेल्याला हे काळं सार वाढतात," झोशा पुटपुटली. "नाही म्हणायचं असलं की."

दुर्गाबाईनं वाडग्याकडं बघितलं. स्वतःच्या हातानं रांधलं होतं तिनं ते. "अगं मग सांग की त्याला इंग्रजीत! म्हातारीला काय कळतंय?"

"बर्फातनं तिनं मला पाठीवर आणलंय, दुर्गाबाई. दोघांना उचलणं झालं नाही. भावाला तिथंच ठेवला."

एवढं बोलून झोशा आईशेजारी जाऊन बसली. मान खाली.

साहेबाला वाटलं, लाजली. त्याचं तोंड आनंदानं फुललं होतं. रिकामा वाडगा पुढं करून त्यानं पोलिशमध्ये आणखी सार मागितलं. साराला झुपा म्हणतात, पण मागायचं म्हणून तो झुपे म्हणाला. कुठं अडखळला नाही.

दुर्गाबाईच्या हातातली पळी हलेना.

"वाढ की गं," म्हातारी म्हणाली. "बघ तरी, किती ग्वाड मागतोय."