लाल पेन्सिल
फुनाबोरी या जपानी उपनगरात नदीवरच्या मोटारबोटींच्या शर्यतीवर पैसे लावताना नंदकिशोर वारा, पाणी आणि चालकाची बैठक बघून अंदाज बांधायचा. पहिलं वळण आलं की त्याची बायको सुनीता त्याचा हात घट्ट धरायची. मार्चमधल्या भूकंपानंतर ती लेक मितालीला घेऊन पुण्याला गेली आणि त्याला फोनवरच्या व्हिडिओ पोकरचा, पत्त्यांच्या जुगाराचा, नाद लागला. तिथे काही ओळखायचं नसतं. अंगठा दाबला, नवी पानं आली, छातीत धडधडलं. हल्ली ते धडधडणंही थांबलं होतं. आज तो पुन्हा नदीकाठी आला होता; शर्यतीची चिठ्ठी कोरीच होती, खुणा करायची लाल पेन्सिल मुठीत. तेवढ्यात सुनीताचा फोन आला. "मितालीचं नाव इथल्याच शाळेत घालू, की परत येऊ? तुझं मन काय सांगतंय?" त्याने पाण्याकडे पाहिलं. पाणी नुसतं वाहत होतं. "अरे, बोल ना!" त्याचा अंगठा पेन्सिलीचं टोक दाबत राहिला, नवी पानं मागत.