वेगळं खुराडं

बायको गेल्यावर कुशाबांनी भोईवाड्यातल्या चाळीमागे कोंबड्या पाळल्या. नवीन कोंबडी आली की पंधरा दिवस वेगळ्या खुराड्यात, हा त्यांचाच नियम. परवा आणलेली तर आजारीच निघाली, मान टाकून बसलेली. तिलाही त्यांनी वेगळं ठेवलं, पण चहा, पेपर, जेवणाचं ताट घेऊन स्वतः तिच्याशेजारी जाऊन बसले.

गॅलरीतून त्यांची मुलगी सीमा वैतागून ओरडली, "आबा, तुम्हालाच काही झालं तर? तिला दाणापाणी ठेवा आणि वर या बघू!"

कुशाबांनी कोंबडीच्या चोचीत पाण्याचा थेंब सोडला.

 

"बाय, कोरोनात तुझ्या आईला एकटीला अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसवलं, तेव्हा असाच वर आलो होतो."