उदाहरणार्थ

"सस्पिशन. नाम. अर्थ पहिला: संशय," बाई वाचू लागल्या. "उदाहरण: सगळे जेवायला गेले की ती एकटीच मागे राहायची, त्यामुळे साहजिकच संशय तिच्यावर गेला."

बाईंचा आवाज अडखळला. आठ दिवसांपूर्वी इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कार्डांची एक अख्खी पेटी, दोन वर्षांचं काम, नाहीशी झाली होती. आणि जेवणाच्या सुट्टीत टेबलावरच डबा खाणाऱ्या या कार्यालयात एकट्या बाई.

नवं कार्ड मोठ्याने वाचून पक्कं करायचं, ही इथली पद्धत. वाचायचं बाईंनी, कारण आवाज खणखणीत. कुणाला काही खटकलं तर तिथल्या तिथे बोलायचं, नाहीतर "चालेल" म्हणायचं. एरवी ही माणसं एका स्वल्पविरामावरून हातघाईवर यायची. पण आजचं कार्ड संपादकांनी स्वतः लिहिलेलं होतं.

"चालेल," टायपिस्ट म्हणाला.

बाईंनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणजे सहसंपादक. पेटी त्यांनीच घरी न्यायला घेतली होती आणि ते ती बसमध्ये विसरले होते. हे त्यांनी बाईंना रडत रडत सांगितलं होतं, कुणाला बोलू नका म्हणून हात जोडले होते. बाईंनी, खुळ्यासारखा, शब्द पाळला होता.

अण्णांनी चष्मा पुसला. "चालेल."

"अर्थ दुसरा: लेश, किंचित छटा. उदाहरण: तिच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लेशही नव्हता."

"चालेल."

"चालेल."

"वाक्प्रयोग: संशयापलीकडचा." बाईंनी कार्ड उलटलं. "उदाहरण: सहसंपादक संशयापलीकडचे आहेत."

"इथे 'सर्वथा' घालू या का?" अण्णांनी हळूच विचारलं. "सर्वथा संशयापलीकडचे. जरा ठसतं."

"छान," संपादक म्हणाले. "घाला, बाई."

बाईंनी घातलं. मग पेन खाली ठेवलं. "सर, ती पेटी मी नेलेली नाही."

"पेटीचं कोण बोलतंय? आपण उदाहरणं तपासतोय. भाषेत काही चूक असेल तर सांगा."

भाषेत चूक नव्हती. पंधरा वर्षं या सगळ्यांची भाषा बाईंनीच तर सुधारली होती.

"अण्णा, तुम्ही तरी बोला."

"मी काय बोलू, बाई?" अण्णा टेबलाकडे बघत म्हणाले. "वाक्यं चांगलीच आहेत."

बाईंना त्यांची किळस आली. सगळं सांगून टाकावं, असं ओठांवर आलंही. पण साक्षीदार कोण? बाई हंगामी होत्या. त्यांची नेमणूक दर वर्षी संपादकांच्या मर्जीने वाढायची, आणि या वर्षीची मुदत आज संपत होती.

"नेहमीसारखं खाली लिहा," संपादक म्हणाले. "'तपासले, बरोबर आहे.' आणि सही करा. नाही केलीत तर लोकांच्या मनात उगाच काहीबाही येईल. आणि मुदतवाढीचा कागद माझ्यासमोरच आहे."

बाईंनी लिहिलं. सही केली. अक्षर नेहमीसारखंच, मोत्यासारखं आलं.

संपादकांनी शाईवर फुंकर घातली आणि कार्ड टायपिस्टकडे दिलं.

"दोन प्रती काढा. एक छापखान्यात पाठवा. दुसरी बाईंच्या फाइलला लावा, आणि फाइल बंद करा."