पोराची मर्जी

"पोरगं तेवढं द्या, मीरासाब. बाई नको."

गलबताचा तांडेल ओसरीवर मांडी घालून बसला होता. राजापूरहून घाट चढून, बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत तो कोल्हापुरात आला होता. मीरासाबचा गूळ भरून त्याचं गलबत दर हिवाळ्यात दक्षिणेच्या बेटांवर जायचं आणि नारळ, काथ्या घेऊन परतायचं. पण आपलं बंदर सोडून हा माणूस कधी वर आला नव्हता. आज आला होता, तो दीड वर्षाच्या पोराला न्यायला.

दाराआड मीरासाबची बायको अमीरबी उभी होती. तेच पोर, बादशहा, तिच्या कडेवर बसून ओल्या बोटांनी तिच्या कानातली बाळी ओढत होता.

"दूध सुटलं न्हाय त्याचं अजून," मीरासाब म्हणाला.

"शेळी घेऊ गलबतावर. पण पोर हवंच. ते नाय, तर मी नांगर उचलणार नाय."

तांडेल उगाच हट्ट करत नव्हता. गेल्या हिवाळ्यात कोल्हापुरात प्लेग शिरला. गाव सोडा म्हणून दरबारची दवंडी फिरली. माळावर झोपडी घालण्यापेक्षा मीरासाबनं बायकोला आणि तान्ह्या पोराला गलबतावरच घेतलं. तांडेलानं नाक मुरडलं. बाईमाणूस गलबतावर म्हणजे अपशकुन. तिला खाली, गुळाच्या ढेपांमध्ये जागा मिळाली.

अमीरबीनं रंकाळ्याहून मोठं पाणी पाहिलं नव्हतं. गूळ मात्र तिला ठाऊक होता. तिचा बाप गुळव्या. तिचं सगळं लहानपण गुऱ्हाळावर गेलेलं. पहिल्या बेटावरून निघताना तिनं एका ढेपेवर तळवा ठेवला आणि वर हाक दिली, "गूळ पाघळाय लागलाय, हवेत ओल भरलीय! हवा फिरणार. आज ऱ्हावा की हितंच."

खलाशी पोट धरून हसले.

"बाये, हे तुझं गुऱ्हाळ नाय," तांडेल म्हणाला.

आभाळ निळंभोर होतं. गलबत निघालं. दुपारी वारा उलटा फिरला, मोठं शीड टराटरा फाटलं, आणि जीव मुठीत धरून सगळे बेटाच्या आडोशाला परतले. अमीरबीला कुणी काही विचारलं नाही. उलट, बाई बरोबर होती म्हणूनच वारा फिरला, असं वर ठरलं.

त्यानंतर ती काही बोलली नाही.

पुढच्या बेटावर पुन्हा तसंच निळं आभाळ. खलाशी नांगराला हात घालणार, तोच खालून बादशहानं असा टाहो फोडला की तांडेल जागच्या जागी थबकला. निघताना पोर रडलं तर निघू नये, एवढं तो मानत होता. तो थांबला. शेजारचं गलबत गेलं. संध्याकाळी लाटांवरून त्याच्या फळ्या तेवढ्या परत आल्या.

मग रीतच पडली. नांगर उचलण्याआधी तांडेल खाली वाकून बघायचा. पोर गप असलं की शीड चढायचं. रडलं की मुक्काम. त्या हिवाळ्यात हवेचा काही भरवसा नव्हता, पण गलबताला ओरखडाही आला नाही. तांडेलानं स्वतःच्या हातानं बादशहाच्या गळ्यात शंखांची माळ घातली. अमीरबीला मात्र शेवटपर्यंत वर येऊ दिलं नाही.

"अगं, दे की त्येला," आता ओसरीवरून मीरासाब आत न बघताच म्हणाला. वखारीत गूळ पडून होता आणि दुसरं गलबत मिळणार नव्हतं.

पोर जाणार, नवरा जाणार, आणि अमीरबी इथं बसून समुद्राकडून येणाऱ्या माणसांची तोंडं बघत राहणार.

ती बाहेर आली. पोराला पोटाशी धरून क्षणभर थांबली.

"न्या की, तांडेलमामा. मी कुठं न्हाय म्हणतीय?"

पोर तांडेलाच्या हाती गेलं मात्र, त्यानं ओसरी डोक्यावर घेतली.

"वळख न्हाय, म्हणून रडतंय," मीरासाब म्हणाला.

"नाय." तांडेलाचा चेहरा उतरला होता. "हे रडणं मी ओळखतो."

अमीरबीनं पोराला परत घेतलं. ते हुंदके देत गप झालं. थोड्या वेळानं तिनं पुन्हा त्याला पुढं केलं. पुन्हा तोच टाहो.

"बाईलाबी घ्या," तांडेल घाम पुसत म्हणाला.

"बाई अपशकुनी म्हणता न्हवं?" मीरासाबनं विचारलं.

"ती तर आहेच. पण पोराची मर्जी. त्याच्याम्होरं कोण बोलणार?"

गाडी घाटाकडे लागली. पुढं दोघं पुरुष बादशहाच्या अंगच्या गुणाबद्दल हलक्या आवाजात बोलत होते. मागं ढेपांना टेकून बसलेल्या अमीरबीनं पोराचं झबलं वर केलं. गोऱ्या मांडीवर दोन लालबुंद वळ उठले होते. तिनं त्यांवर फुंकर घातली, ओठ टेकले, मग दुसऱ्या हाताचा तळवा शेजारच्या ढेपेवर ठेवून पाहिला. ढेप कोरडी, टणक होती.

"झोप माझ्या राजा," ती त्याच्या कानात म्हणाली. "आता गूळ पाघळंपतोर चिमटा न्हाय."