मदतनीस

“बोट तुझं, पण मत तिचं. लक्षात ठेव,” मतदान केंद्रातल्या टेबलामागच्या लोरेनबाईंनी नायलाला बजावलं आणि मदतनीस म्हणून सही करायचा कागद तिच्यापुढे सरकवला. “तिला दिसत नसलं, तरी तिला सगळं कळतं.”

“मला ऐकूही येतं, लोरेन,” व्हर्नेल आजी म्हणाली.

आजी चर्चच्या कपड्यांत आली होती. पांढरा झगा, पांढरे हातमोजे आणि परातीएवढी टोपी. अमेरिकेत, जॉर्जियातल्या या गावात काळ्या समाजातल्या म्हाताऱ्या बाया मत द्यायला अशाच नटून येतात. शेजारी तिची नात नायला, गुडघ्यावर फाटलेल्या जीन्समध्ये.

नायलाने सही केली. लोरेनबाईंनी यादीवर नजर टाकली. “तुझंही नाव आहे की इथे. तुझं मत?”

“मी देत नाही.”

“का गं?”

“देऊन काय होतं? कुणीही आलं तरी आमच्या वाट्याला तेच.”

लोरेनबाईंनी आजीकडे पाहिलं. आजीने टोपी सारखी केली आणि नायलाचं कोपर धरून यंत्राकडे निघाली.

आजीला नावं तोंडपाठ होती. ती खुर्चीत बसून एकेक सांगत होती, नायला पडद्यावर बोट टेकवत होती. गव्हर्नरचं झालं. मग शाळा समिती.

“बर्थाला दे. तोंडाळ आहे, पण शाळेचं छप्पर गळतं तेव्हा तीच ओरडते. आता सरकारी वकील. रेन्स.”

नायलाचं बोट थांबलं. इथे सरकारी वकीलही मतांवरच निवडून येतो; पडद्यावर दोन नावं होती. रेन्स म्हणजे या जिल्ह्यात त्या खुर्चीवर बसलेला पहिला काळा माणूस, लहानपणी आजीच्याच हाताखाली बायबल शिकलेला. नायलाच्या भावाला, जार्व्हिसला, ज्या पोलिसाने गोळी घालून मारलं, त्याने काही गुन्हा केला नाही, असं जाहीर करणारा रेन्सच. दुसरं नाव होल्ब्रुक. ती गोरी, तरुण. निवडून आले तर जार्व्हिसची केस पुन्हा उघडेन, असं भर सभेत म्हणालेली.

“आजी, तुला खरंच रेन्स हवाय?”

“हळू बोल.”

“जार्व्हिसचं त्याने काय केलं—”

“मला सांगू नकोस. जार्व्हिसला न्हाऊमाखू घालून मी वाढवलंय.”

“मग कशाला? काळा आहे म्हणून?”

“हो. काळा आहे म्हणून.” आजीने हातमोज्याची बोटं ओढून घट्ट केली. “माझी आई अशीच टोपी घालून मत द्यायला गेली होती. तिला दारातून हाकलून दिलं. त्या खुर्चीत आपला माणूस बसायला आमच्या दोन पिढ्या गेल्या. आज आपणच त्याला खाली ओढलं, तर पुन्हा कोण बसू देणार आहे? तो चुकला. ते मी चर्चच्या पायरीवर, सगळ्यांसमोर, त्याच्या तोंडावर सांगितलंय. त्याला मी पुन्हा गाठू शकते. त्या बाईच्या दारात मला कोण उभं करेल?”

“ती केस उघडणार आहे!”

“निवडणुकीच्या आधी सगळे सगळंच उघडतात.”

“तुमच्या पिढीचं हेच,” नायलाचा आवाज कापायला लागला. “आपला, आपला करत बसायचं. आपल्याने नरडं दाबलं तरी तो आपलाच.”

“आणि तुमची पिढी घरी बसते. त्याने कुणाची खुर्ची हलली? दाब, पोरी.”

नायलाने दाबलं. होल्ब्रुकच्या नावापुढे खूण उमटली.

आजी पडद्याकडेच बघत होती, पण तिच्या डोळ्यांना तो नुसता उजेड होता. कुणाला कधी कळणार नव्हतं. जार्व्हिसला निदान एवढं तरी मिळालं, असं नायलाला वाटलं.

“झालं? आता शेवटी सगळी नावं येतात. ती वाच.”

नायला वाचू लागली. गव्हर्नर. शाळा समिती, बर्था. पुढे एकच शब्द बोलायचा होता, आणि आजीला ऐकायचा होता तोच. तिने तोंड उघडलं. आजीचा हात तिच्या कोपरावर होता. शब्द काही बाहेर येईना.

आजीची बोटं आवळली.

“तिला दिलंस.”

“हो,” नायला म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

आता आजी लोरेनबाईंना हाक मारणार, सगळ्यांसमोर शोभा होणार, असं तिला वाटलं. आजीने हाक मारली नाही.

“बदल,” मग ती म्हणाली.

नायलाने बदललं. वाचून दाखवलं. यंत्रातून छापील मतपत्रिका बाहेर आली, ती आजीने हातात घेतली.

“सकाळपासून माझं डोकं खातेयस, मताला काही किंमत नाही म्हणून,” आजी म्हणाली. तिचाही आवाज आता धड राहिला नव्हता. “मग माझं चोरलंस कशाला?”

नायलाने बाहीने नाक पुसलं.

“जा लोरेनकडे. तुझं मत माग, त्या बाईला दे आणि माझं खोडून काढ. समोरासमोर.”

नायला उभी राहिली. टेबलापर्यंत गेली. लोरेनबाईंनी काही न विचारता तिचं ओळखपत्र हातात घेतलं.

थोड्या वेळाने नायला शेजारच्या यंत्राशी येऊन उभी राहिली, तेव्हा आजी खुर्चीतून उठली. तिने खुर्ची फिरवली आणि नातीकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसली. तिला तसंही काही दिसणार नव्हतं.